फोमच्या रिकॉलमधलं सीपॅप मशीन: भरपाई मागायची तर कुठे, कुणाकडे आणि कोणत्या कागदावर?

वणीचा_औषधवाला

वणी, मारेगाव, झरी पट्ट्यातले सीपॅप-बायपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारी मशीनं) वापरणारे पेशंट मास्क आणि फिल्टर घ्यायला काउंटरवर येतात. त्यांच्यापैकी काहींच्या मशीनची मॉडेलं फिलिप्स रेस्पिरॉनिक्सच्या २०२१ च्या फोमवाल्या रिकॉलच्या यादीत आहेत (आतला फोम खराब होऊन त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून कंपनीने मागे बोलावलेली मशीनं). आता मोबाइलवर "सीपॅपवाल्यांना अमेरिकेत १.१ अब्ज डॉलर" असे व्हिडिओ फिरून राहिले, आणि जो येतो तो विचारतो, आपल्याले किती भेटन? "क्लेम रजिस्टर करून देतो, आधी पाच हजार टाका" असे फोनही सुरू झाले आहेत.

ही मशीनं तीन वाटांनी आलेली आहेत. काही नवी, नागपूरच्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर, बहुतेक २०१८ ते २०२० मधली. काही वापरलेली, साध्या चिठ्ठीवर घेतलेली. आणि काही अमेरिकेतल्या मुलाने नाहीतर भाच्याने येताना आणून दिलेली.

अमेरिकेतल्या पैशावर या तिघांपैकी कुणाचा हक्क आहे काय? नसेल तर यवतमाळच्या ग्राहक आयोगात नेमकं काय मागता येतं? २०२१ ची गोष्ट म्हणजे मुदत गेली काय? आणि दाव्याचा विचार असेल तर घरातलं मशीन वापरत राहायचं, धुवायचं, की बांधून ठेवायचं?

कायद्याचं काम करणारे आणि मशीनच्या दुरुस्तीतले लोक इथे आहेत, म्हणून इथे विचारतो. "चांगला वकील लावा" एवढंच उत्तर असेल तर ते माहीत आहे.

दारव्हा_कोर्टरोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आहे. पण का नाही हे पेशंटला नीट सांगा, नाहीतर तो त्या पाच हजारवाल्याच्या गळाला लागेल.

अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांत या रिकॉलवरून जे खटले झाले ते पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम जिल्हा न्यायालयात, पिट्सबर्गला, एमडीएल (वेगवेगळ्या जिल्ह्यांतले सारखे खटले एका कोर्टात चालवायची सोय) ३०१४ या क्रमांकाखाली एकत्र आणले गेले. त्यातून पैशाचे दोन वेगळे गठ्ठे निघाले. पहिला मशीनच्या पैशाचा: किमान ४७.९ कोटी डॉलर, तडजोड सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर. त्यात मशीनच्या प्रकाराप्रमाणे रक्कम ठरलेली होती. ड्रीमस्टेशन सीपॅपला ५५.६३ डॉलर, ट्रिलॉजी व्हेंटिलेटरला १,५५२.२५ डॉलर, आणि मशीन परत पाठवलं तर वरून १०० डॉलर. मशीन अमेरिकेतच विकत किंवा भाड्याने घेतलेलं हवं, ही अट. दावा टाकायची शेवटची तारीख ९ ऑगस्ट २०२४. दुसरा गठ्ठा आजाराचा, म्हणजे व्हिडिओतला तो १.१ अब्ज. हा २९ एप्रिल २०२४ ला जाहीर झाला, त्यातले १.०७५ अब्ज शारीरिक इजेच्या दाव्यांसाठी आणि २.५ कोटी डॉलर वैद्यकीय तपासण्यांच्या दाव्यासाठी. तोही अमेरिकेतल्या दाव्यांपुरताच. तडजोड करताना कंपनीने दोष किंवा जबाबदारी कबूल केलेली नाही. हे लक्षात ठेवा, कारण इथे आयोगात "अमेरिकेत कंपनीने मान्य केलं" असं लिहिलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते खोडून काढतो.

म्हणजे नागपुरात घेतलेल्या मशीनचा त्या पैशाशी संबंध नाही. मुलाने तिथे विकत घेतलेल्या मशीनवर मुलगा पहिल्या गठ्ठ्यात बसला असता, पण ती तारीख गेली. आता कुणी "रजिस्टर करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला देऊ नका. कुणी दिले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितके पैसे खात्यातून पुढे सरकतात.

आता यवतमाळ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली कलम ३४ ची एक सोय खेड्यातल्या माणसाच्या फार कामाची आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. विक्रेता नागपूरचा, आयातदार दिल्ली-मुंबईकडचा, तरी तक्रार यवतमाळला. कोणत्या आयोगात जायचं हे मशीनसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. जिल्हा आयोगाची हद्द ५० लाखांपर्यंत आहे, सीपॅप त्यात कुठल्या कुठे बसतं. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून टाकता येते, सुनावणी व्हिडिओवर घ्यावी असा अर्जही करता येतो. झरीहून दर तारखेला यवतमाळची एसटी पकडायची गरज नाही.

मागायचं काय, इथे लोक चुकतात. या कायद्यात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की दोन्ही बिघडतात.

पहिली वाट: माल सदोष आहे. कलम ३९ खाली आयोग दोष काढून द्यायला, माल बदलून द्यायला किंवा किंमत व्याजासह वापस करायला सांगू शकतो. दुसरी वाट: उत्पादन दायित्व (सदोष मालाने माणसाला झालेल्या हानीची जबाबदारी), म्हणजे प्रकरण सहा, कलम ८२ ते ८७. तिथे "हानी" या शब्दाची व्याख्या कलम २ च्या उपकलम २२ मध्ये आहे, ती वाचा. आजार, इजा, मृत्यू, त्याबरोबरचा मानसिक त्रास हे त्यात येतं. पण उत्पादनाचं स्वतःचं नुकसान आणि नुसतं आर्थिक नुकसान त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. म्हणजे मशीनची किंमत उत्पादन दायित्वाखाली मागितली तर ती मागणीच व्याख्येबाहेर जाते. किंमत पहिल्या वाटेने, आजाराची भरपाई दुसऱ्या वाटेने.

त्यातही एक मेख आहे. २०१९ चा कायदा लागू झाला २० जुलै २०२० ला. तुमची बहुतेक मशीनं त्याआधीची. प्रकरण सहा १९८६ च्या कायद्यात नव्हतंच, त्यामुळे "हे आम्हाला लागू नाही" हा आक्षेप येणारच. सदोष माल आणि सेवेतील त्रुटी या दोन्ही गोष्टी मात्र जुन्या कायद्यातही होत्या. म्हणून माझं मत सरळ आहे: तक्रारीचा कणा "सदोष माल, रिकॉल होऊनही कळवलं नाही, बदलून दिलं नाही" हा ठेवा.

विरुद्ध पक्ष तीन करा: विक्रेता, आयातदार, आणि उत्पादकाची भारतातली कंपनी. आयातदाराचं नाव-पत्ता खोक्यावरच्या एमआरपीच्या स्टिकरवर असतो, पॅकबंद मालावर तो छापणं बंधनकारक आहे. एकट्या विक्रेत्याला धरलं तर तो म्हणेल मी फक्त खोका हातात दिला. एकट्या कंपनीला धरलं तर ती म्हणेल हा विक्रेता आमचा नाही.

बिल मुलाच्या नावाने आणि वापर वडिलांचा असला तरी बिघडत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारा माणूसही कायद्याने ग्राहकच आहे. वापरलेलं मशीन घेणारा त्याच्या विक्रेत्यापुरता ग्राहक आहे, पण चिठ्ठीवर सिरियल नंबर नसेल तर हेच ते मशीन हे दाखवणं जड जातं. अमेरिकेतून आलेल्या मशीनबाबत मी कुणाला इथे तक्रार टाकायला सांगत नाही. भारतातली कंपनी म्हणेल आम्ही ते विकलंच नाही, आणि ते खरंच असतं.

बायोमेड_हिंगणघाट

वकीलसाहेबांनी कागदाचं सांगितलं, मी मशीनचं सांगतो. आधी मशीन खरंच यादीतलं आहे काय ते पाहा. फिलिप्सचं प्रत्येक मशीन यात नाही, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनचा या फोमशी संबंध नाही.

रिकॉल जाहीर झाला १४ जून २०२१ ला. अमेरिकेबाहेरच्या देशांत त्याच गोष्टीचं नाव "फील्ड सेफ्टी नोटिस" होतं, म्हणून इथे विक्रेता "आपल्याकडे रिकॉल नाही" म्हणाला तर त्याला हा शब्द सांगा. २६ एप्रिल २०२१ च्या आधी बनलेली मशीनं त्यात येतात: ड्रीमस्टेशन पहिली पिढी, म्हणजे सीपॅप, ऑटो, बायपॅप, एएसव्ही, एव्हीएपीएस; ड्रीमस्टेशन गो; सिस्टम वनची क्यू मालिका; रेमस्टार एसई ऑटो; डोर्मा ४०० आणि ५००; सी मालिका; ए मालिकेतली ए३०, ए४०, व्ही३०; ई३०; ट्रिलॉजी १०० आणि २००. ड्रीमस्टेशन २ या फोमच्या यादीत नाही. त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२३ मध्ये वेगळा इशारा दिला होता, मशीन जास्त तापण्याचा. जळका वास आला किंवा प्लग-वायर तापली तर प्लग काढा, पण तो या दाव्याचा विषय नाही.

सिरियल नंबर आणि बनवल्याची तारीख मशीनच्या बुडाशी लेबलवर असते. ह्युमिडिफायर (हवेला ओल देणारा पाण्याचा डब्बा) जोडलेला असेल तर तो आधी काढा आणि पाणी ओतून टाका, मगच मशीन उलटं करा. पाण्यासकट उलटं केलं की पाणी ब्लोअरमध्ये (हवा ढकलणाऱ्या पंख्यात) जातं, आणि मग मशीन कशाने बिघडलं याचा वाद आपणच विकत घेतो. लेबलचा फोटो काढा. तोच नंबर कंपनीच्या रिकॉलच्या पानावर टाकून जे उत्तर येईल त्याची त्याच दिवशी प्रिंट घ्या, तारीख दिसेल अशी.

दोष काय ते थोडक्यात. ब्लोअरचा आवाज दाबायला आत पॉलिस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम लावलेला होता. या जातीच्या फोममधले एस्टरचे बंध पाण्याच्या वाफेने तुटतात, आणि उष्णतेत ते अजून लवकर तुटतात. मग फोम चिकट होतो, भुगा होतो, काळे कण सुटतात. काही रसायनं वायुरूपातही निघतात. हा फोम फिल्टरच्या पुढे, हवेच्या वाटेतच आहे, म्हणून बाहेरचं फिल्टर कितीही नवं लावलं तरी त्याने हे कण अडत नाहीत. ओझोन सोडणाऱ्या क्लीनरने फोम आणखी लवकर खराब होतो, हे कंपनीने नोटिशीतच सांगितलेलं आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. या मशीनच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं आहे. चंद्रपूर-वणीला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घरात खसच्या पडद्यांचा कूलर चालतो, म्हणजे उष्णता आणि ओल दोन्ही एकाच खोलीत. समोरचा पक्ष हेच म्हणेल की वापर पुस्तिकेबाहेरचा होता. त्याला उत्तर तयार ठेवा: सीपॅप रात्री चालतं, दिवसा बंद असतं, एसडी कार्डावर वापराच्या वेळा नोंदलेल्या असतात, आणि रिकॉल जगभराचा आहे, थंड देशांतल्या मशीनचासुद्धा. ओझोन क्लीनर कधी लावलाच नसेल तर तसं शपथपत्रात स्पष्ट लिहा. लावला असेल तर लपवू नका, क्लीनरचं ऑनलाइन बिल निघतं.

पुराव्याचं मशीन हाताळताना पुढची काळजी घ्या.

उघडू नका. बाहेरून स्क्रू दिसतात आणि मोह होतो. पण आयोगासमोर उघडलेलं मशीन म्हणजे "छेडछाड केलेलं" मशीन. विक्रेत्याच्या माणसालाही घरी येऊन उघडू देऊ नका, आणि "तपासायला" म्हणून तो नेत असेल तर सिरियल नंबर, तारीख, सही आणि शिक्का असलेली पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

ट्यूब, मास्क, जुनं फिल्टर धुवू नका. काळे कण दिसत असतील तर ट्यूबची दोन्ही टोकं स्वच्छ प्लास्टिकने बांधा आणि सगळं वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत घाला, वर तारीख लिहा. ह्युमिडिफायरच्या डब्ब्यात काळं दिसलं म्हणून ते फोमचंच असेल असं समजू नका. जिनिंगची धूळ, चुलीचा धूर, बुरशी, पाण्याचा थर, सगळं काळपट दिसतं. बाहेरची धूळ मुख्यतः फिल्टरवर, आत घेण्याच्या बाजूला साचते. फिल्टरनंतर, ट्यूबच्या मशीनकडच्या टोकाला कोरडे काळे कण असतील तर ते जास्त बोलके. म्हणून फोटो काढताना कोणतं टोक कुठलं ते फोटोतच दाखवा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा.

मशीनच्या माहितीच्या मेनूत थेरपीचे तास आणि ब्लोअरचे तास दिसतात, त्या स्क्रीनचे फोटो घ्या. एसडी कार्ड काढलं की बाजूची बारीक खिटी लॉककडे सरकवा आणि मगच कॉम्प्युटरला लावा, नाहीतर विंडोज त्यावर आपल्या फायली लिहून टाकतो. पूर्ण कार्डाची नक्कल घ्या. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या ड्रीमस्टेशनचं कार्ड वाचतं, रात्रीनुसार वापर निघतो. कार्ड फॉरमॅट करू नका, मशीनने विचारलं तरी "नाही" दाबा.

"वापरावं की बांधून ठेवावं" हा प्रश्न मात्र पुराव्याचा नाही, पेशंटचा आहे. दाव्यासाठी म्हणून मशीन एकाएकी बंद करू नका. ज्याला रात्री बायपॅप किंवा ट्रिलॉजी लागतं त्याचं मशीन दुसरं हातात आल्याशिवाय थांबवायचं नाही, डॉक्टरला विचारूनच काय ते ठरवायचं. भाड्याचं नाहीतर नवं मशीन आलं, त्यावर प्रेशर आधीच्याच चिठ्ठीप्रमाणे बसवलं, की मग जुनं बांधून ठेवा. व्हेंटिलेटरला मधे बॅक्टेरियल फिल्टर लावतात, त्याने कण अडतात. वायू अडत नाहीत, आणि फिल्टरने हवेला अडथळा येतो म्हणून सेटिंग डॉक्टरनेच पाहायचं.

वणीचा_औषधवाला

दोघांचेही आभार. सिरियल नंबर तपासायला उद्यापासून काउंटरवरच एक वही ठेवतो.

मुदतीचं राहिलं. शिवाय दोन अडचणी. बहुतेकांनी खोका कधीच फेकला आहे, आणि निम्म्यांचं बिल सापडत नाही. कोळसा खाणीतल्या नोकरदारांचं बिल तर प्रतिपूर्तीसाठी ऑफिसात जमा झालेलं आहे. आणि प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते काय?

दारव्हा_कोर्टरोड

मुदत हीच या प्रकरणातली सगळ्यात कच्ची बाजू आहे, गोड बोलून उपयोग नाही.

कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. समोरचा पक्ष कारण १४ जून २०२१ ला घडलं म्हणेल. सुप्रीम कोर्टाने करोनाकाळातल्या १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ या दिवसांची मुदत मोजू नये असा आदेश दिला होता, तो धरला तरी हिशेब फेब्रुवारी २०२४ अखेरपर्यंतच पोचतो. आज तक्रार टाकायची तर दोन गोष्टी मांडाव्या लागतात. एक, आपल्याला दोष कळला कधी. विक्रेत्याकडे पेशंटचं नाव आणि मोबाइल नंबर होता, फिल्टर विकायला तो फोन करत होता, तरी रिकॉलचं कळवलं नाही, ही गोष्ट इथे वजनदार आहे. दुसरं, त्याच कलमातला उशीर माफीचा अर्ज. पुरेसं कारण दाखवलं तर आयोग कारण नोंदवून उशीर माफ करू शकतो. अर्ज तक्रारीबरोबरच द्या, शपथपत्रासह. कारण आणि तारीख खरी लिहा. ज्या दिवशी सिरियल नंबर तपासला त्या दिवसाची प्रिंट इथे कामात पडते, म्हणून बायोमेड भाऊ म्हणतात तसं तारीख दिसलीच पाहिजे.

ज्यांनी कंपनीकडे नोंदणी केली होती आणि "तुमचा नंबर रांगेत आहे" असा मेल किंवा मेसेज आला, त्यांची बाजू बरी आहे. बदलून देण्याचं आश्वासन लेखी आहे आणि नकार किंवा गप्प बसणं नंतरचं आहे. तो मेल जपा. पण एक गैरसमज सोडा: आज वकिलाची नोटीस पाठवली म्हणून मुदत आजपासून नव्याने सुरू होत नाही. नुसता पत्रव्यवहार करत राहिल्यानेही मुदत लांबत नाही. त्यामुळे "उत्तर येऊ द्या, मग पाहू" म्हणत सहा महिने घालवू नका.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पाठवा. एका पानाची पुरे: मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, किंमत, रिकॉलची तारीख, आजपर्यंत कुणी कळवलं नाही हे, आणि मागणी काय. पंधरा दिवस द्या. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्ट नोंदणीसह पाठवा आणि पोच झाल्याची प्रिंट लावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या. कधी कधी कंपनी तिथेच बोलायला लागते.

खोका नसेल तर आयातदाराचं नाव दुसऱ्या कुठल्या तरी मशीनच्या खोक्यावरून घ्या, पण त्याच मॉडेलच्या. बिल नसेल तर विक्रेत्याला दुय्यम प्रत लेखी मागा. जीएसटी लागू झाल्यावर, म्हणजे जुलै २०१७ नंतर, पक्क्या बिलाची नोंद त्याच्याकडे अजून असू शकते. बँकेचं स्टेटमेंट, ईएमआयचा कागद, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आणि डॉक्टरची प्रेशरची चिठ्ठी एकत्र ठेवली तर खरेदी दाखवता येते. ऑफिसात जमा केलेल्या बिलाची साक्षांकित प्रत मागा. सार्वजनिक उपक्रम असेल आणि देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये. बिल पेशंटच्या नावाने आहे की कंपनीच्या दवाखान्याच्या, ते प्रत हातात आल्यावर आधी पाहा. पैसे प्रतिपूर्तीत मिळालेले असतील तर ते तक्रारीत सांगून टाका. ते लपवून किंमत मागितली की पुढे सगळ्याच गोष्टींवरचा विश्वास उडतो.

व्हॉट्सअॅपचे मेसेज, मेल आणि एसडी कार्डाची नक्कल लावताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग साक्षीच्या कायद्याने काटेकोर बांधलेला नाही, तरी आक्षेपाला जागा कशाला ठेवायची.

प्रयोगशाळा. कलम ३८ मध्ये सोय आहे: आयोग नमुना सीलबंद करून मान्य प्रयोगशाळेत पाठवतो, फी तक्रारदाराने भरायची. फक्त किंमत किंवा बदली मागायची असेल तर मी हा अर्ज टाकत नाही. सिरियल नंबर यादीत आहे, दुरुस्ती किंवा बदली झालेली नाही, एवढं कागदावर असताना तपासणीचा खर्च आणि वेळ कशासाठी? तपासणी नसेल तर कायद्याने तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे, तपासणी असेल तर पाच. (प्रत्यक्षात किती लागतात ते यवतमाळच्या पायऱ्या चढलेल्यांना माहीत आहे.) समोरच्याला उत्तराला ३० दिवस, आयोगाने वाढवले तर आणखी १५. त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला पक्कं केलं आहे. पंचेचाळिसावा दिवस कोणता ते डायरीत लिहून ठेवा आणि त्या तारखेनंतर आलेलं उत्तर घ्यायला लेखी हरकत द्या.

पूर्ण किंमत मिळेलच असं समजू नका. २०१८ चं मशीन चार-पाच वर्षं वापरलेलं असेल तर घसारा धरा म्हणून समोरचा मागे लागेलच. म्हणून मागणीत पहिली ओळ "तितक्याच क्षमतेचं, रिकॉलमध्ये नसलेलं मशीन", आणि "ते शक्य नसल्यास किंमत व्याजासह" ही दुसरी.

सावंगी_ओपीडी

आजाराच्या भरपाईबद्दल दोन गोष्टी, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त तोच प्रश्न येणार.

एफडीएकडे या फोमबद्दल एप्रिल २०२१ पासून १ लाख १६ हजारांहून जास्त अहवाल गेले, त्यात ५६१ मृत्यूंचे होते. व्हिडिओवाले हाच आकडा "मशीनने ५६१ मेले" असा वाचून दाखवतात. तो तसा नाही. अहवाल कुणीही देऊ शकतो, आणि अहवाल आला म्हणजे कारण सिद्ध झालं असं एफडीए स्वतःही म्हणत नाही. उलट बाजूला कंपनीने आपल्या चाचण्यांवरून धोका कमी असल्याचं सांगितलं आणि एफडीएने त्या चाचण्या पुरेशा नाहीत असं २०२३ मध्ये म्हटलं. म्हणजे आयोगासमोर दोन्ही बाजूंना वाचायला कागद आहेत.

स्लीप अप्नियाच्या पेशंटला आधीच वजन, बीपी, शुगर, कित्येकदा तंबाखू-खर्रा आणि बायांना चुलीचा धूर. अशा माणसाचा दमा किंवा कॅन्सर फोममुळेच झाला हे सांगणारं मत कोणताही छातीचा डॉक्टर सहजी लिहून देणार नाही, आणि दिलं तर उलटतपासणीत टिकणार नाही. "मशीन लावल्यावर घसा खवखवतो, खोकला येतो, डोकं दुखतं; मशीन बदलल्यावर थांबलं" अशी तारीखवार ओपीडीची नोंद असेल तर ती जास्त भरवशाची. म्हणून आजपासून प्रत्येक भेटीत मशीनचं मॉडेल आणि तक्रार केसपेपरवर लिहून घ्या. मागच्या तारखेचं कुणी लिहून देत असेल तर घेऊ नका.

कोर्टात जा किंवा नका जाऊ, त्रास झाला असेल तर मटेरियोव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या) कार्यक्रमाला कळवा. हा केंद्राचा कार्यक्रम २०१५ पासून आहे, काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं, टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फॉर्म पेशंटही भरू शकतो: मॉडेल, सिरियल किंवा लॉट नंबर, कधीपासून वापर, काय झालं, मशीन सध्या कुठे आहे. मेडिकल कॉलेजच्या फार्माकॉलॉजी विभागात विचारलं तर फॉर्म भरायला मदत करतात. यातून पैसे मिळत नाहीत. पण अहवालाची पोच म्हणजे त्या तारखेला आपण तक्रार केली होती याचा सरकारी कागद.

आणि मास्क तपासताना क्लिपमध्ये लोहचुंबक आहे काय तेही पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये अॅमारा व्ह्यू, ड्रीमविअर फुल फेस, विस्प या चुंबकी मास्कांबद्दल वेगळी सूचना निघाली. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं उपकरण असलेल्या माणसाने आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्यानेही तो मास्क वापरू नये. वहीत त्याचाही एक रकाना ठेवा.

वणीचा_औषधवाला

वहीत रकाने आखले: मॉडेल, सिरियल, बनवल्याची तारीख, बिल, ओझोन क्लीनर, चुंबक.

एक शेवटचं. मारेगावच्या एकाला विक्रेता आता म्हणतो, जुनं द्या, दुसरं देतो, या कागदावर सही करा. करावी काय?

दारव्हा_कोर्टरोड

कागद आधी वाचा. "पूर्ण व अंतिम समाधान" किंवा "यापुढे कोणताही दावा राहणार नाही" असं असेल आणि मिळणारं मशीन खरंच बरोबरीचं, नवं, हमीपत्रासह असेल, तर किमतीचा वाद तिथेच मिटवलेला बरा. आयोगातून याहून फार वेगळं मिळणार नाही. मात्र त्या ओळीत "मशीनच्या किमतीपुरतं" हे शब्द घालून घ्या, म्हणजे आजाराचा प्रश्न उघडा राहतो. तो शब्द घालायला तयार नसेल तर सहीच्या वर "हक्क राखून स्वीकारले" असं हाताने लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा.

देत असलेलं मशीन दुरुस्त केलेलं जुनं नाही ना, ते पाहा. त्याचाही सिरियल नंबर यादीत टाकून बघा. जुनं मशीन देताना एसडी कार्ड काढून घ्या, सगळे फोटो आधी काढा, आणि पावतीवर दोन्ही सिरियल नंबर एकाखाली एक लिहून घ्या.

बायोमेड_हिंगणघाट

आणि दुसरं मशीन घरी आलं की त्या रात्रीच लावू नका. प्रेशर, रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू वाढवायची वेळ) आणि मास्कचा प्रकार जुन्या मशीनच्या मेनूतून लिहून घेतलेला असेल तसाच बसवून घ्या. कारखान्यातून येणारं सेटिंग पेशंटचं नसतं. बायपॅप असेल तर आयपॅप (श्वास घेतानाचा दाब), ईपॅप (सोडतानाचा दाब) आणि बॅकअप रेट (मशीनने मिनिटाला द्यायचे किमान श्वास) हे तीन आकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशी जुळवूनच सुरू करा.